एकच शिलारस, चार आकडे

फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी १५ जून १९९१ रोजी फुटला. स्फोटाआधी त्याचा शिलारस जमिनीखाली कोणत्या अवस्थेत होता हे ठरवण्यासाठी पुढे त्याच दगडाचे नमुने प्रयोगशाळेत पुन्हा तापवून, दाबाखाली ठेवून पाहिले गेले. त्यातून निघालेला एक बहुचर्चित अंदाज असा: तापमान सुमारे ७८० अंश सेल्सिअस, दाब सुमारे २२०० बार, आणि ऑक्सिजनची पातळी ‘एनएनओ + ३’. हाच शिलारस ‘एफएमक्यू + ३.६५’ असाही लिहिता येतो. उल्का आणि ग्रहांचा अभ्यास करणारा माणूस त्याला ‘आयडब्ल्यू + ८.१’ म्हणेल, आणि हेमॅटाइटच्या बाजूने मोजणारा ‘एमएच − १.४’. चारही आकडे एकाच वस्तूचे आहेत आणि चारही बरोबर आहेत. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचं कसं, आणि जाताना घसरायला कुठे होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. शोधनिबंधांतले तक्ते एकत्र करताना इथे होणारी चूक लहान दिसते, पण तिच्यामुळे निष्कर्ष उलटू शकतो.

आधी ऑक्सिजनची पातळी म्हणजे काय ते पाहू. शिलारसात ऑक्सिजन भरपूर असतो, वजनाने जवळजवळ निम्मा. पण तो सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम यांच्याशी बांधलेला असतो. मोकळा ऑक्सिजन वायू तिथे जवळपास नसतोच. तरीही एखादा लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून फेरस राहील की तिसराही गमावून फेरिक होईल, हे ठरवणारी काहीतरी राशी हवी. गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये मांडलेली फ्युगॅसिटी ती गरज भागवते. वायूचा प्रत्यक्ष दाब नव्हे, तर रासायनिक दृष्ट्या परिणामकारक ठरणारा दाब, असा तिचा अर्थ. ऑक्सिजनची फ्युगॅसिटी जास्त असेल तर फेरिक लोहाचं प्रमाण वाढतं, कमी असेल तर फेरसचं.

हे आकडे इतके बारीक असतात की ते दहाच्या घातांकातच लिहावे लागतात. ८०० अंशांना, १ बार दाबाखाली, एफएमक्यू या पातळीवर फ्युगॅसिटी असते दहाचा उणे १४.६५ वा घात, बारमध्ये. हा खराच वायूचा दाब मानला, तर एका घन सेंटिमीटरमध्ये ऑक्सिजनचे सुमारे १५,००० रेणू सापडतील. आयडब्ल्यू पातळीवर तर त्याच तापमानाला घन सेंटिमीटरमागे एक रेणूसुद्धा पुरता भरत नाही. एवढे मोजके रेणू डोंगराएवढ्या शिलारसातल्या लोहाचं भवितव्य ठरवू शकत नाहीत, हे उघड आहे. म्हणून हा आकडा रेणूंची मोजदाद म्हणून वाचायचाच नाही. द्रव, स्फटिक आणि वायू या तिघांमध्ये ऑक्सिजनच्या देवाणघेवाणीचा जो समतोल आहे, त्याचं ते माप आहे.

माप घ्यायचं तर संदर्भ हवा, आणि तो खनिजांनी दिला. शुद्ध लोह आणि त्याचा ऑक्साइड वुस्टाइट शेजारीशेजारी समतोलात ठेवले, तर ठरावीक तापमानाला आणि दाबाला ऑक्सिजनची फ्युगॅसिटी एकाच किमतीवर स्थिर होते. ऑक्सिजन थोडा वाढला तर थोडं लोह त्याला बांधून वुस्टाइट होतं, घटला तर थोडं वुस्टाइट तो सोडून देतं. दोन्ही खनिजं शिल्लक आहेत तोवर पातळी हलत नाही. अशा जोडीला किंवा त्रिकुटाला बफर म्हणतात. लोह आणि वुस्टाइट यांचा तो आयडब्ल्यू. निकेल आणि निकेल ऑक्साइड यांचा एनएनओ. फायालाइट म्हणजे लोहयुक्त ऑलिव्हीन. ते ऑक्सिजन घेऊन मॅग्नेटाइट आणि क्वॉर्ट्झ बनतं, तो एफएमक्यू, ज्याला काही जण क्यूएफएम लिहितात. मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट होतं, तो एमएच. खालून वर लावले तर क्रम आयडब्ल्यू, एफएमक्यू, एनएनओ, एमएच असा लागतो, निदान कमी दाबाखाली.

हे बफर प्रयोगशाळेत कामाला लावले हान्स ऑयगस्टर यांनी. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती अजून वापरात आहे. प्लॅटिनमच्या बारीक नळीत तपासायचा नमुना आणि थोडं पाणी भरून ती दोन्ही टोकांना बंद करायची. ती नळी सोन्याच्या मोठ्या नळीत ठेवायची, भोवती बफरची पूड आणि पाणी घालायचं, आणि सोन्याची नळीही बंद करायची. मग सगळं दाबाखाली तापवायचं. बाहेरच्या नळीत बफर ऑक्सिजनची पातळी ठरवतो. पाण्याचं विघटन होत असल्यामुळे त्या पातळीला जुळेल इतका हायड्रोजन तयार होतो. तापलेल्या प्लॅटिनममधून हायड्रोजन आरपार जातो, बाकी काही जात नाही. आतल्या पाण्याला त्या हायड्रोजनशी जुळवून घ्यावं लागतं, आणि नमुन्याला बफर कुठेही न लागता त्याची पातळी मिळते. प्रयोग संपल्यावर बाहेरची पूड तपासणं हा या कामाचा अटळ भाग आहे. तिच्यातलं एक जरी खनिज पूर्ण संपलं असेल, तर प्रयोगात कुठल्या क्षणापासून पातळी सुटली हे कळायला मार्ग नसतो आणि आठवडाभराचं काम बाजूला ठेवावं लागतं.

थेट मोजमापही झालं आहे. १९६५ च्या मार्चमध्ये हवाई बेटावर किलाउएआच्या उद्रेकाने माकाओपुही विवरात लाव्हाचं तळं साचलं. वरची साय घट्ट झाल्यावर तिला भोकं पाडून मोतोआकी सातो आणि थॉमस राइट यांनी ऑक्सिजन मोजणारा शोधक आत सोडला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. पण असा योग क्वचित येतो. बहुतेक वेळा थिजलेल्या खडकातल्या खनिजांवरूनच पातळी काढावी लागते.

आता मुद्दा असा की नुसती फ्युगॅसिटी सांगून फारसं कळत नाही. १२०० अंशांना एफएमक्यूची पातळी लॉगमध्ये −८.३० आहे आणि ८०० अंशांना −१४.६५. म्हणजे शिलारस नुसता निवत गेला, तरी आकडा सहाहून अधिक अंकांनी घसरतो, दहा लाख पटींहून जास्त. त्याच्यातल्या फेरिक आणि फेरसचं प्रमाण मात्र या प्रवासात तुलनेने फार थोडं बदलतं, कारण शिलारसातल्या लोहाची स्वतःची समतोलरेषा बफरच्या रेषेला जवळपास समांतर उतरते. म्हणून शिलारसांची तुलना करताना ‘त्याच तापमानाच्या बफरपेक्षा किती वर, किती खाली’ असं सांगण्याची पद्धत पडली. एफएमक्यू + १ म्हणजे त्या तापमानाला, त्या दाबाला, एफएमक्यूच्या दहापट.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. ‘एनएनओ + ३’ वाचून पिनातुबोखाली निकेल धातू होता असं कुणी समजू नये. बफर ही मोजपट्टी आहे, शिलारसातला रहिवासी नव्हे.

सह्याद्रीतला एखादा किल्ला कोकणातून पाहिला तर आभाळाला भिडलेला दिसतो, देशावरच्या गावातून पाहिला तर बेताचा. माथा एकच, पायथे वेगळे. बफर बदलणं म्हणजे पायथा बदलणं. उंची एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यावर न्यायची असेल, तर त्या दोन पायथ्यांमधला फरक माहीत हवा. किल्ल्याच्या बाबतीत तो फरक कायमचा ठरलेला असतो. बफरच्या बाबतीत तो तापमान आणि दाबाबरोबर बदलतो, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

रोनाल्ड फ्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये संकलित केलेली समीकरणं आजही सर्रास वापरली जातात. तापमान केल्विनमध्ये आणि दाब बारमध्ये घेतला, तर एफएमक्यूसाठी (क्वॉर्ट्झ ५७३ अंशांना रूप बदलतं, त्याच्या वरच्या तापमानाला) फ्युगॅसिटीचा लॉग असा:

८.७३५ − २५०९६.३ ÷ तापमान + ०.११० × (दाब − १) ÷ तापमान

एनएनओसाठी:

९.३६ − २४९३० ÷ तापमान + ०.०४६ × (दाब − १) ÷ तापमान

आयडब्ल्यूसाठी:

६.७०२ − २७४८९ ÷ तापमान + ०.०५५ × (दाब − १) ÷ तापमान

एनएनओमधून एफएमक्यू वजा करा. पहिल्या पदांचा फरक ०.६२५ उरतो, आणि २५०९६.३ व २४९३० यांच्यातला फरक अवघा १६६.३. हा १६६.३ तापमानाने भागायचा असतो, त्यामुळे तापमान बदललं तरी उत्तर जेमतेम हलतं: १२०० अंशांना ०.७४, १००० ला ०.७६, ८०० ला ०.७८. या दोन रेषा जवळजवळ समांतर आहेत. ‘एनएनओमध्ये ०.७ मिळवा, एफएमक्यू मिळतं’ हा ठोकताळा इथूनच आला.

एफएमक्यू आणि आयडब्ल्यू यांच्यात मात्र तसं नाही. तिथे २७४८९ आणि २५०९६.३ यांचा फरक २३९२.७ येतो, चौदा पटींहून मोठा. त्यामुळे १२०० अंशांना दोघांत ३.६६ चं अंतर असतं, १००० ला ३.९१ आणि ८०० ला ४.२६. इथे एकच ठरलेला आकडा मिळवून चालत नाही.

सुरुवातीच्या पिनातुबोकडे याच वाटेने परत जाता येतं. ७८० अंश म्हणजे १०५३.१५ केल्विन. दाब २२०० बार. एनएनओची किंमत येते −१४.२२, त्यात ३ मिळवले की शिलारसाची खरी फ्युगॅसिटी, लॉगमध्ये −११.२२. हा मधला आकडा कुठल्याच बफरचा नाही, शिलारसाचा आहे, आणि रूपांतर नेहमी त्याच्यावरूनच करावं. आता एफएमक्यूची त्याच अटींतली किंमत काढा: −१४.८७. वजाबाकी ३.६५. आयडब्ल्यू −१९.२९, म्हणून ८.०७. एमएच −९.८१, म्हणून −१.४१. दाब विसरून ठोकताळ्याने गेलो असतो तर एफएमक्यूवर ३.६५ च्या जागी ३.७८ आलं असतं. २२०० बार म्हणजे पृथ्वीच्या कवचातली सातआठ किलोमीटर खोली. तिथे चूक किरकोळ आहे.

खोल गेलं की चूक वाढते. एफएमक्यूचा दाबगुणांक ०.११० आहे, एनएनओचा ०.०४६. ऑक्सिजन घेताना घन खनिजांचं आकारमान किती बदलतं यावर हा गुणांक ठरतो, आणि फायालाइटपासून मॅग्नेटाइट व क्वॉर्ट्झ होताना ते जास्त वाढतं. परिणामी दाब वाढेल तशी एफएमक्यूची रेषा एनएनओपेक्षा झपाट्याने वर सरकते. १२०० अंश आणि १०,००० बारला, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर खोलीवर, दोघांमधलं अंतर ०.७४ वरून ०.३० वर येतं. याच समीकरणांना आणखी ताणलं तर १७,००० बारच्या आसपास अंतर शून्य होतं आणि पुढे एफएमक्यू वर, एनएनओ खाली, असा क्रमच फिरतो. इतक्या दाबाला सरळ रेषेचं समीकरण किती विश्वासाचं, हा वेगळा प्रश्न आहे. प्रावरणातल्या खडकांवर काम करणारे म्हणूनच दाबाचं पद अधिक काळजीने बांधलेली समीकरणं वापरतात. पण १०,००० बारलाही ठोकताळा निम्म्याहून जास्त चुकतो, हे पुरेसं आहे.

अशी चूक कुठे बोचते ते गंधकात दिसतं. शिलारसात गंधक दोन रूपांत राहतो: खालच्या पातळीवर सल्फाइड, वरच्या पातळीवर सल्फेट. पिनातुबोच्या दगडांत ॲनहायड्राइट, म्हणजे निर्जल कॅल्शियम सल्फेट, सापडलं, तसंच १९८२ च्या मेक्सिकोतल्या एल चिचोनच्या राखेतही. सल्फेटच्या रूपात शिलारस पुष्कळ जास्त गंधक धरून ठेवतो. पिनातुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत सोडला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं, त्यामागे या ऑक्सिडीकृत अवस्थेचा हात होता. तांब्याचे मोठमोठे साठे जन्माला घालणारे शिलारसही साधारण याच वरच्या पट्ट्यातले.

सल्फाइडपासून सल्फेटकडचं हे वळण फार खडं आहे. पेद्रो हुगो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेल्या संबंधानुसार सल्फेट आणि सल्फाइड यांच्या गुणोत्तराचा लॉग म्हणजे एफएमक्यूपासूनच्या अंतराची दुप्पट, उणे २.१. आता १०,००० बार आणि १२०० अंशांचा एक शिलारस घ्या, कुणीतरी एनएनओ + ०.५ म्हणून नोंदवलेला. दाबासह रूपांतर केलं तर तो एफएमक्यू + ०.८० होतो, आणि गंधकातला सुमारे २४ टक्के भाग सल्फेट निघतो. ठोकताळ्याने ०.७४ मिळवले तर एफएमक्यू + १.२४, आणि सल्फेट ७० टक्के. मूळ प्रयोग यापेक्षा बऱ्याच कमी दाबाचे होते, तेव्हा हे टक्के एखाद्या खऱ्या शिलारसाला चिकटवू नयेत. पण एका चुकीच्या बेरजेने सल्फाइडप्रधान शिलारस सल्फेटप्रधान ठरतो, एवढं यातून स्पष्ट दिसतं. लोहाच्या बाबतीत उतार सौम्य असतो. तिथे फ्युगॅसिटी दहापट झाली तरी फेरिक-फेरसचं गुणोत्तर दीडपटीच्या थोडंच वर जातं.

आणखी एक बारीक अडचण आहे आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. बफरची रेषा स्वतः मोजलेली असते, आणि मोजणारे अनेक. ह्यू ओनील यांनी १९८७ मध्ये एफएमक्यू नव्याने मोजला. त्यांच्या मापाने १२०० अंशांना पातळी −८.४२ च्या आसपास येते, फ्रॉस्ट यांच्या संकलनाप्रमाणे −८.३०. फरक ०.१२ चा. म्हणजे एकाच शिलारसाला दोन संशोधक ‘एफएमक्यू + ०.५’ आणि ‘एफएमक्यू + ०.६’ लिहितील आणि दोघांचंही मोजमाप निर्दोष असेल. जुन्या निबंधातला आकडा नव्या समीकरणाने रूपांतरित करायचा असेल, तर आधी मूळ लेखकाने वापरलेल्या समीकरणानेच खरी फ्युगॅसिटी परत काढायला हवी आणि मग नवा बफर वजा करायला हवा. मूळ लेखकाने समीकरण सांगितलंच नसेल, तर दशांशानंतरचा पहिला अंकही डळमळीत धरावा. माझ्या मते तक्त्यात ‘एफएमक्यू + १.२’ छापताना शेजारी तापमान, दाब आणि समीकरणाचा कर्ता यांचे तीन रकाने नसतील, तर तो तक्ता अपुरा आहे.

ग्रहांकडे वळलं की आयडब्ल्यू पुढे येतो, कारण चंद्रावरचे बेसाल्ट त्याच्याही खाली आहेत आणि पृथ्वीचा लोहगाभा वेगळा होत होता तेव्हाची पातळीही त्याच्या खालीच धरली जाते. मंगळावरचे दगड मात्र दोन्ही जगांच्या मध्ये पडतात. बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला १८६५ च्या ऑगस्टमध्ये पडलेल्या उल्केवरून ज्यांना शेरगॉटाइट म्हणतात, त्या मंगळाच्या दगडांची पातळी आयडब्ल्यूच्या आसपासपासून एफएमक्यूच्या जवळपर्यंत, तीन ते चार अंकांत पसरलेली आहे. या पट्ट्याच्या तळाशी रूपांतराची खरी कसोटी लागते. ‘एफएमक्यू − ४’ एवढंच लिहिलेलं असेल आणि तापमान १२०० अंश असेल, तर ती पातळी आयडब्ल्यूच्या ०.३४ खाली आहे. तापमान ८०० असेल, तर तोच आकडा आयडब्ल्यूच्या ०.२६ वर. शुद्ध वुस्टाइटशेजारी पहिल्या ठिकाणी लोह धातू टिकेल, दुसऱ्या ठिकाणी टिकणार नाही.

मग कुठलं तापमान धरायचं? पुष्कळ खडकांत ते आणि ऑक्सिजनची पातळी एकाच जोडीतून मिळतात: टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. बडिंग्टन आणि लिंड्सली यांनी १९६४ मध्ये ही पद्धत घडवली. घियोर्सो आणि इव्हान्स यांनी २००८ मध्ये तिला नवं समीकरण दिलं. दोन्ही खनिजं आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये आहेत, आणि त्याच्या झिजेतून वाहून आलेलं इल्मेनाइट रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूत साचलेलं दिसतं. या जोडीतून तापमान ५० अंशांनी चुकीचं आलं, तर ८०० अंशांच्या सुमाराला खरी फ्युगॅसिटी जवळपास एका अंकाने, म्हणजे दहापटीने, सरकते. एफएमक्यूपासूनचं अंतर त्यामानाने थोडंच हलतं, कारण दोन्ही चुका एकाच दिशेने जातात. पण एफएमक्यूवरून आयडब्ल्यूवर जायचं झालं की तापमानाची चूक उत्तरात पुन्हा शिरते. आणि जाड थरात सावकाश निवलेल्या लाव्हामध्ये हे कण थिजल्यानंतरही बदलत राहतात: मॅग्नेटाइटच्या आत इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्या फुटतात आणि त्यांच्यातून वाचलेलं तापमान उद्रेकाचं नसून नंतरच्या निवण्याचं असतं. अशा कणावरून काढलेली पातळी बदलताना बफरच्या समीकरणात लाव्हाचे ११०० अंश घालून चालणार नाही. त्या कणांनी आपसातली देवाणघेवाण जिथे थांबवली, तेच तापमान तिथे घालावं लागतं.